थैली, तिकीट आणि खाते

राज्याचे मंत्रिमंडळ कसे बनते, या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात अगदी थोडक्यात दिलेले आहे. राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतात आणि मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हेच उत्तर छापलेले असते. विद्यार्थी ते पाठ करतो आणि शिक्षक त्याला पूर्ण गुण देतो. परंतु त्या उत्तरातून पुढच्या गोष्टींचा उलगडा होत नाही. २०२२ साली ३० जूनला महाराष्ट्रात नवे सरकार शपथ घेते आणि ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री ही दोनच माणसे मंत्रिमंडळ म्हणून काम पाहतात. २०२४ साली २३ नोव्हेंबरला निकाल लागतो, २८८ पैकी दोनशेहून अधिक जागा एका आघाडीच्या पदरात पडतात. तरीही मुख्यमंत्र्यांचा शपथविधी ५ डिसेंबरला, विस्तार १५ डिसेंबरला आणि खातेवाटप २१ डिसेंबरला होते. बहुमताचा पेच नाही, विरोधकांचा अडथळा नाही, राज्यपालांची हरकत नाही. मग इतके दिवस खल चालतो तो कशाचा?

तो प्रामुख्याने खात्यांचा चालतो. आमदारांना मंत्रिपद हवे असते हे उघडच आहे. परंतु 'कोणतेही मंत्रिपद' नको असते. महसूल, नगरविकास, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, गृह, ऊर्जा, उत्पादन शुल्क या खात्यांसाठी रस्सीखेच होते. मराठी भाव, सांस्कृतिक कार्य, ग्रंथालये किंवा पुराभिलेख यांच्यासाठी कोणी रुसून गावी निघून गेल्याचे ऐकिवात नाही. खात्यांची ही प्रतवारी कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेली नाही. तरी मंत्रालयातील शिपायापासून मुख्य सचिवांपर्यंत सर्वांना ती तोंडपाठ असते. लोकांनी तिला 'मलईदार खाती' असा नेमका शब्दही दिला आहे. ही मलई येते कोठून आणि जाते कोठे, हा प्रश्न विचारला, तर राज्याच्या मंत्रिमंडळाची मांडणी आणि राजकीय पक्षांचा निधी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असे ध्यानात येते.

प्रादेशिक न्याय आणि त्याआडचे गणित

खातेवाटपामागे केवळ पैसा असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रासारख्या राज्यात मंत्रिमंडळाने प्रदेशांचा तोल सांभाळावा, ही अपेक्षा राज्याच्या जन्माइतकीच जुनी आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते. पुढे घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदात त्याला आधार मिळाला आणि १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. जिल्हा, जात, जमात, स्त्रिया, शहर आणि खेडे या सर्वांना सत्तेत स्थान मिळावे, हे लोकशाहीला धरूनच आहे. किंबहुना त्या कसोटीवर आपली मंत्रिमंडळे अनेकदा तोकडी पडतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अठरा मंत्र्यांनी शपथ घेतली, तेव्हा त्यांत एकही स्त्री नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्र्यांसह बेचाळीस जणांचे मंत्रिमंडळ झाले, त्यात स्त्रिया चार होत्या.

म्हणजे प्रतिनिधित्वाचा मुद्दा खरा आहे. परंतु ज्या गोष्टींवरून प्रत्यक्षात वाद होतात, त्यांचा प्रतिनिधित्वाशी संबंध फार थोडा असतो. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नेमणुका स्थगित कराव्या लागल्या. पालकमंत्री हे घटनात्मक पद नव्हे. त्याचे महत्त्व इतकेच की, जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे येते आणि जिल्ह्यात कोणते काम कोठे निघावे यावर त्याचा शब्द चालतो. ज्या पदाबरोबर कामे वाटण्याचा अधिकार येतो, ते पद मोलाचे ठरते. हे सूत्र एकदा हाती आले की खात्यांच्या प्रतवारीचा उलगडा आपोआप होतो. नगरविकास खात्याकडे विकास आराखड्यातील आरक्षणे आणि चटईक्षेत्र यांविषयीचे निर्णय असतात. महसूल खात्याकडे जमिनी, गौण खनिजे आणि वाळूचे लिलाव. बांधकाम आणि जलसंपदा खात्यांकडे निविदा. सहकार खात्याकडे कारखाने आणि बँका. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

पैसा लागतो, हे मान्यच

राजकीय पक्ष चालवायला पैसा लागतो, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. कार्यालयाचे भाडे, कार्यकर्त्यांचा प्रवास, सभा, पत्रके, अलीकडे दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे, यांपैकी काहीही फुकट मिळत नाही. पैसा गोळा करणे हे पाप नाही. तो कोणाकडून, कोणत्या अटीवर आणि उजेडात की अंधारात गोळा होतो, याला महत्त्व आहे.

या प्रांती सार्वजनिक निधीची परंपरा उज्ज्वल होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांच्या साठाव्या वाढदिवशी लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली, आणि ती त्यांनी राष्ट्रकार्याला देऊन टाकली. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने वार्षिक वर्गणी चार आणे ठेवली. त्यानंतरच्या वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचा संकल्प सोडला आणि तो पुरा केला. त्या काळीही मोठे देणगीदार होतेच. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आणि उद्योजकांनी सढळ हाताने पैसे दिले. परंतु तेव्हा देणगी घेणाऱ्याच्या हाती परवाने नव्हते, कोटा नव्हता, जमिनीचे आरक्षण उठवण्याचा अधिकार नव्हता. देणाऱ्याला लाभ होण्याऐवजी सरकारच्या रोषाचीच धास्ती होती. स्वातंत्र्यानंतर हे नाते उलटे झाले. ज्या पक्षाला देणगी द्यायची, तोच पक्ष परवाना देणार, अशी स्थिती आली. थैलीचा आकार तोच राहिला, तिच्या तोंडाला मात्र अदृश्य दोरी लागली.

हा धोका फार लवकर ओळखला गेला होता आणि तोही मुंबईतच. १९५७ साली टाटा पोलाद कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांनी तेव्हाच्या कायद्याच्या चौकटीत कंपनीला परवानगी नाकारली नाही. परंतु कंपन्यांचा पैसा असा राजकारणात येऊ लागला तर तो लोकशाहीचा गळा आवळील, असा स्पष्ट इशारा निकालपत्रात दिला आणि संसदेने या गोष्टीकडे लक्ष द्यावे असे सुचवले. १९६४ साली भ्रष्टाचार निर्मूलनाविषयीच्या संथानम समितीनेही कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी सुचवली. १९६९ साली संसदेने ती बंदी घातलीही.

परंतु बंदी घालताना पक्षांनी खर्च कसा भागवावा याचा विचार कोणी केला नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? परिणाम व्हायचा तोच झाला. धनादेश बंद झाले आणि रोकड सुरू झाली. अधिवेशनांच्या स्मरणिका निघू लागल्या आणि ज्या कारखान्याच्या मालाला सामान्य गिऱ्हाईक नाही त्याच्याही पानपानभर जाहिराती त्यांत झळकू लागल्या. १९७४ साली एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच मर्यादेत धरला पाहिजे. निर्णय सरळ आणि शहाणपणाचा होता. सरकारने लगोलग वटहुकूम काढून आणि नंतर कायदा बदलून तो निष्प्रभ केला. तेव्हापासून उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. २०२२ पासून मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवारासाठी ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. त्याच उमेदवाराच्या पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर कितीही उधळले तरी कायद्याची आडकाठी नाही. समोरचे दार लावून मागची भिंत पाडण्याचा हा प्रकार होय.

सिमेंटचा धडा

पक्ष, पैसा आणि राज्याचा कारभार यांचे धागे कसे गुंतत जातात, हे महाराष्ट्राने १९८१-८२ साली जवळून पाहिले. जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेल्या बॅ. अ. र. अंतुले यांनी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' आणि अन्य न्यास स्थापन केले. लेखक-कलावंतांना साहाय्य हा प्रतिष्ठानाचा घोषित हेतू होता. तांत्रिकदृष्ट्या हा पक्षनिधी नव्हता, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. परंतु त्या काळी सिमेंट नियंत्रित होते. सरकारी दराने मिळणारे सिमेंट आणि काळ्या बाजारातले सिमेंट यांच्या किमतींत मोठे अंतर होते, आणि इमारत बांधणाऱ्याला सिमेंट कोणत्या दराने मिळणार हे राज्य सरकारच्या वाटपावर अवलंबून होते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'ने अरुण शौरी यांचा लेख छापला आणि देणग्या व सरकारी निर्णय यांच्या संबंधाचा प्रश्न देशापुढे आला. पी. बी. सामंत यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी झाली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांत संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच महिन्यात मुख्यमंत्री पायउतार झाले आणि बाबासाहेब भोसले यांचे मंत्रिमंडळ आले.

पुढचा फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेशच रद्द ठरवला. अंतुले यांना या आरोपांवरून शिक्षा झाली नाही. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. येथे कोणा एका व्यक्तीचा न्याय करायचा नाही. त्या प्रकरणाने एक रीत उघडी पाडली. वस्तू दुर्मिळ, तिचे वाटप सरकारच्या हाती, वाटपाला निश्चित निकष नाहीत आणि निर्णयाची कारणे कागदावर नाहीत, अशा चार गोष्टी एकत्र आल्या की देणगीला किंमत चढते. फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले आणि त्याची जादू ओसरू लागली. परंतु दुर्मिळ वस्तूंची यादी तेथे संपली नाही. सिमेंटची जागा जमिनीने घेतली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातील सवलती देण्याचा अधिकार राज्य सरकारकडे होता. महाराष्ट्राने २००७ साली तो कायदा गुंडाळला, तोवर तीस वर्षे सवलतींच्या फायली मंत्रालयात येत-जात राहिल्या.

त्या दशकातली आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अंतुले, भोसले, वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री महाराष्ट्राने पाहिले. पक्ष एकच, बहुमत अभंग, तरी मुख्यमंत्री बदलत गेले. कारण त्यांची निवड मुंबईत नव्हे, दिल्लीत ठरत होती. ज्या मुख्यमंत्र्याचे आसन आमदारांच्या विश्वासापेक्षा श्रेष्ठींच्या मर्जीवर टिकते, त्याला लोकांपेक्षा श्रेष्ठींना अधिक उपयोगी पडावे लागते, आणि देशाच्या आर्थिक राजधानीचा मुख्यमंत्री पक्षाला कोणत्या प्रकारे उपयोगी पडू शकतो, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. दिल्लीचा हा वरचष्मा कोणा एका पक्षाची मिरासदारी राहिलेली नाही, हे त्यानंतरच्या काळाने दाखवून दिले आहे.

रोख्यांच्या यादीने सांगितलेले

१९८५ साली कंपन्यांच्या देणग्यांवरील बंदी उठली आणि तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देणगी देण्याची मुभा मिळाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ही मर्यादा साडेसात टक्के केली. २०१७ साली मर्यादाच काढून टाकली गेली आणि २०१८ च्या आरंभी निवडणूक रोख्यांची योजना आली. देणगी बँकेमार्फत, म्हणून पांढरी; परंतु देणाऱ्याचे नाव लोकांपासून गुप्त. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा कायदेशीर मार्ग होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला अधिकार आहे, आणि कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा देणे मनमानीचे आहे, असे न्यायालयाने सांगितले.

त्यानंतर न्यायालयाच्या आदेशावरून जी यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात राज्यांच्या राजकारणाविषयी फार मोठी शिकवण आहे. एप्रिल २०१९ ते फेब्रुवारी २०२४ या काळात केंद्रात सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षाला सहा हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले, याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्याखालची नावे अधिक बोलकी आहेत. दुसरा क्रमांक काँग्रेससारख्या देशभर पसरलेल्या पक्षाचा नव्हता, तर बंगालमध्ये सत्तेवर असलेल्या तृणमूल काँग्रेसचा होता. तिला सोळाशे कोटींहून अधिक मिळाले. काँग्रेसला चौदाशे कोटींच्या आसपास. त्याच्यामागोमाग भारत राष्ट्र समिती, बाराशे कोटींहून अधिक. तिचे राज्य होते तेलंगणात, जेथे लोकसभेच्या जागा सतरा. ओडिशातील बिजू जनता दलाला साडेसातशे कोटींहून अधिक, तमिळनाडूतील द्रमुकला सहाशे कोटींहून अधिक. शिवसेनेच्या खाती दीडशे कोटींहून अधिक रक्कम जमा झाली. मार्क्सवादी पक्षाने मात्र रोखे स्वीकारण्यास नकार दिला होता.

ज्या पक्षाचा पाया एका राज्यापलीकडे नाही, त्याला देशव्यापी पक्षाच्या बरोबरीने पैसा का मिळावा? त्याची विचारसरणी उद्योगपतींना अचानक पटली, असे मानण्यास भाबडेपणा लागेल. सरळ कारण असे की, जमीन, खाणी, वीज, मद्य, रस्ते, पाणी आणि शहरांचे आराखडे हे विषय मुख्यतः राज्य सरकारांच्या हाती आहेत. कारखान्याचा पाया जेथे खणायचा, तेथील सरकारशी संबंध गोड असावे लागतात. एखादी देणगी म्हणजे लाच असे यावरून सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२४ मध्ये सरसकट विशेष चौकशी नेमण्यास नकार दिला. तरी सत्तेच्या मागे पैसा जातो, आणि राज्यातली सत्ता ही त्याची मोठी वाट आहे, एवढे त्या आकड्यांनी निश्चित केले. शिवाय यादीत पक्षाचे नाव आहे. कोणत्या राज्यशाखेच्या कर्तबगारीने ती रक्कम आली, याचा रकाना नाही. मराठी मतदाराला आपल्या राज्यातून कोणत्या पक्षाने किती उचलले, हे त्या यादीतून कळत नाही.

संख्येला लगाम, कारणाला नाही

मंत्रिमंडळ फुगवण्याच्या खोडीवर एक औषध दिले गेले. १९९७ साली उत्तर प्रदेशात सरकार तगवण्यासाठी त्र्याण्णव मंत्री करण्यात आले, तेव्हा देशाने कपाळावर हात मारून घेतला होता. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर आणली. लहान राज्यांसाठी बाराची तळरेषा ठेवली. २००४ पासून महाराष्ट्रात त्रेचाळीसहून अधिक मंत्री होऊ शकत नाहीत. चाळीस आमदारांच्या गोव्यात बारा.

दुरुस्ती योग्यच होती. तिने संख्या आवरली, परंतु हाव आवरली नाही. काही राज्यांनी संसदीय सचिव नावाची पदे काढली. न्यायालयांनी ती रद्द केली. उरलेल्यांची सोय महामंडळांच्या अध्यक्षपदांवर होऊ लागली. दुसरीकडे, मंत्रिपदे मोजकी झाल्यामुळे प्रत्येक पदाचे मोल वाढले. आघाडी सरकारांत तर खाती ही व्यक्तींना नव्हे, पक्षांना वाटून दिली जातात. आणि अमुक खाते आमच्या 'कोट्यातले', असे पक्ष बोलू लागतात. कोटा हा शब्द सिमेंटच्या काळातून मंत्रिमंडळात आला, याहून बोलका पुरावा कोणता? असे खाते मुख्यमंत्र्याच्या नजरेखालून निसटते. त्या खात्याचा मंत्री मुख्यमंत्र्याला नव्हे, आपल्या पक्षनेत्याला जबाबदार राहतो, आणि मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी, जी १६४ व्या अनुच्छेदातच सांगितलेली आहे, ती पोथीत राहते.

मोल कोण देतो?

देणगीदार पैसे देतो, पक्ष घेतो. यात तिसऱ्याचे काय गेले, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. तिसरा गप्प असतो म्हणून त्याचे नुकसान दिसत नाही. शहरातल्या मैदानाचे आरक्षण उठते तेव्हा त्या प्रभागातील मुले खेळायची थांबतात. निविदेची रक्कम फुगते तेव्हा रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो. साखर कारखान्यांच्या कर्जाला राज्य सरकार थकहमी देते. कारखाना बुडाला की ती रक्कम करदात्याच्या माथी येते. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला शेतकऱ्यांनी स्वतःच्या भागभांडवलावर पहिला सहकारी कारखाना उभा केला. ती चळवळ पुढे आमदारकीची शिडी आणि निवडणुकीची यंत्रणा बनावी, हे धनंजयराव गाडगीळांनी आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी खचित कल्पिले नव्हते.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना तर दुसऱ्याचे उदाहरण शोधण्याचे कारणच नाही. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले गेले. त्यामुळे हजारो मुलांची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु संस्थाचालकांच्या नावांची यादी आणि विधिमंडळाच्या सदस्यांची यादी एकमेकींवर ठेवून पाहिली, तर पुष्कळ नावे जुळतात. प्रवेशासाठी मागितली जाणारी देणगी इतकी बोकाळली की १९८७ साली तिला प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. संस्था परवानगीवर उभी राहते, परवानगी सरकार देते, सरकारमध्ये संस्थाचालक असतो. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करायची?

मंत्रालयातील आणि जिल्हा कचेऱ्यांतील कारकुनांचा अनुभव याहून वेगळा नाही. नियमात बसत नाही, अशी टिपणी कक्षातून वर जाते. 'विशेष बाब म्हणून मान्य' असा शेरा घेऊन ती खाली येते. शेरा मारणारा पाच वर्षांनी बदलतो. टिपणी लिहिणारा मात्र चौकशीच्या वेळी सापडतो. बदल्यांना शिस्त लागावी म्हणून २००५ साली राज्याने कायदा केला. त्यात अपवाद करायचा तर कारणे लेखी नोंदवण्याची अट घातली. अपवादाची वाट ठेवली की ती वाटच राजमार्ग होते, हे मात्र कोणताही कायदा लिहिणाऱ्याने गृहीत धरलेच पाहिजे.

उपाय कोणते?

उपाय सांगणाऱ्या समित्यांचा या देशाला तुटवडा नाही. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीने आणि १९९८ साली इंद्रजित गुप्त समितीने निवडणूक खर्चाचा काही भार शासनाने उचलावा, परंतु तो रोख पैशाच्या नव्हे, वस्तू आणि सेवांच्या रूपाने, असे सुचवले होते. २००३ साली वीस हजारांवरील देणग्यांची माहिती निवडणूक आयोगाला देण्याचे बंधन पक्षांवर आले. २०१३ साली केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांनी तो न पाळण्यात अपूर्व एकजूट दाखवली.

सर्व काही संसदेवर सोपवून स्वस्थ बसण्याचे मात्र कारण नाही. पक्षांच्या खर्चाला मर्यादा घालणे, देणग्यांची यादी वर्षाअखेर नव्हे तर निवडणुकीपूर्वी आणि राज्यशाखांनुसार जाहीर करणे, यासाठी केंद्रीय कायदा बदलावा लागेल, हे खरे. परंतु राज्य सरकारला आज करता येण्याजोगे पुष्कळ आहे. आरक्षण बदल, सरकारी जमिनीचे वाटप, कर्जांना थकहमी, निविदेच्या अटींतील सूट आणि नव्या शिक्षणसंस्थांना परवानगी, या पाच प्रकारच्या निर्णयांत खात्याच्या टिपणीविरुद्ध शेरा मारला गेला, तर टिपणी, शेरा आणि त्याची कारणे पंधरा दिवसांत प्रसिद्ध करावीत, एवढा एक नियम विधिमंडळ करू शकते. त्याला पैसा लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. ज्या खात्यात मंत्र्याच्या मर्जीला वाव उरत नाही, त्या खात्यासाठी रुसवेफुगवेही होत नाहीत. मग नगरविकास आणि ग्रंथालये यांच्यातले अंतर आपोआप कमी होईल, आणि मंत्रिमंडळ बनवताना माणसाची योग्यता पाहण्यास मुख्यमंत्र्याला थोडी उसंत मिळेल.

दुसरी गोष्ट मतदारांच्या हातची आहे. दर पाच वर्षांनी मतदान केंद्रावर रात्र जागून काढणारे शिक्षक आणि कर्मचारी निवडणुकीची यंत्रणा चालवतात; ते आणि त्यांच्यासारखे इतर नागरिक पक्षाची वर्गणी मात्र भरत नाहीत. सेवानियमांनी बांधलेल्यांचे सोडून देऊ. परंतु बाकीच्या मध्यमवर्गालाही पक्षाला पैसे देणे म्हणजे गैर काही करणे वाटते. सभेला जायचे, भाषणावर टीका करायची, आणि सभामंडपाचे पैसे कोणी दिले याची चौकशी करायची नाही, ही सवय सुखाची असली तरी महागात पडणारी आहे. चार आण्यांच्या वर्गणीने पक्षाचा सगळा खर्च भागणार नाही, हे कबूल. परंतु पावती हातात असलेल्या सभासदाला हिशेब विचारता येतो, आणि पावती देणाऱ्या पक्षाला तो द्यावा लागतो. जो पक्ष शंभर धनिकांच्या थैलीवर चालतो, त्याचे मंत्रिमंडळ त्या शंभरांना विचारून बनणार. जो लाखांच्या वर्गणीवर चालेल, त्याला लाखांचे भय राहील. घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात मुख्यमंत्र्याचा सल्ला एवढेच शब्द आहेत. तो सल्ला देताना मुख्यमंत्र्याच्या कानाशी कोण बोलते, हे ठरवण्याचा अधिकार घटनेने कोणा देणगीदाराला दिलेला नाही.